चालती बत्ती

१

नाही बशीरभाई, हे मले पटत नाही. हमाल बत्ती घेऊन पळाला म्हणता तुमी. कोठं पळीन? पायात टायरच्या चपला, अंगात बंडी, अन् हातात दुसऱ्याची पेटलेली गॅसबत्ती. पळणारा माणूस आंधी बत्ती इझवते, मंग पळते. इतकं त लहान पोराले कळते.

अन् हमाल कोणाले म्हणून राह्यले तुमी? तो उकंडा होय. तुमच्या शालिकचा सख्खा मामा.

बसला ना धक्का? बसू द्या. शालिक तुमच्या घाटंजीच्या स्टुडिओत फोटो शिकाले राह्यला तवा त्यानं तुमाले काय सांगतलं होतं? मामा अमरावतीले ड्राइंग मास्तर हाये, असंच ना? कायचा मास्तर. उकंडा आमच्या गावचा, पडदे रंगवणारा. त्याची बायको पंचफुला माही बहीण. ते रोज दिवेलागणीले उंबऱ्यात बसते, गावामांगच्या मुरमाड बरडाकडं तोंड करून. कोणी हाक मारली तरी मान वळवत नाही. म्हून मी बोलून राह्यलो.

‘बळीराम, तू गरम डोक्याचा आहेस’ असा निरोप तुमी पूनमसिंग ड्रायव्हरसंग पाठवला. हाये मी गरम डोक्याचा. चौथीत मास्तराचीच छडी मास्तराले हाणली अन् तिथंच माही शाळा सुटली, हे समद्या घाटंजीले माहीत हाये. पण या गोष्टीत मी डोकं थंड ठेवलं, म्हून तुमचं पोरगं अजून धड दिसून राह्यलं.

तुमाले अर्धीच गोष्ट माहीत हाये. बाकीची शालिकनं मले सांगतली, तुमच्याच दुकानाच्या पायरीवर बसून, तोंड भिंतीकडं करून. ते ऐका आंधी. मंग म्हणा काय म्हणाचं ते.

२

उकंडा पयले दंडारीच्या नाटकाचे पडदे रंगवे. राजवाडा, जंगल, देऊळ, देवळातला देव. नागपूरले जाऊन बुद्धाची दिक्षा घेतली अन् घरी येऊन देवाचे रंग उकिरड्यावर ओतले. मंग रंगवाचं काय? हात त बसू देत नाही. म्हून बसल्या बसल्या त्यानं आपलंच गाव रंगवलं.

मांजरपाटाले चिंचोक्याची खळ चोपडली. कंदिलाची काजळी घोटून त्याची रात केली. अन् बाभळीच्या काट्यानं एकेका घराच्या जागी बारीक छेद पाडला. दिवेलागणीले दार लावून पडद्यामांगं कंदील ठेवला का समदं गाव चमके. आमचे शेणामातीचे घरं, त्याईच्या खिडक्या, विहिरीची कड, नाल्याचं पाणी. पडद्यासमोर उभा राहणारा माणूस आपोआप हळू बोले. बाया येत, ‘माहं कोणतं वं?’ म्हणून विचारत. सत्यभामा बुढी म्हणे, ‘माह्या घरात तेल नाही अन् याच्या पडद्यात माह्या घरी उजेड हाये. आता तिकडंच राहाले जातो बाप्पा.’

शालिकची माय तो रांगत होता तवाच गेली. मामा-मामीनं वाढवलं त्याले. त्या पडद्यासमोर गोधडीवर तो झोपे. मामा कंदील इकडून तिकडं सरकवे, तसा घराघरातला उजेड हाले, अन् पोट्टं पाहत पाहत झोपी जाय. झोप नाही आली त मांगून मामा विचारे, ‘झालं का, बाबू?’ झालं म्हटलं का कंदील खाली ठेवे.

हे ‘झालं का, बाबू’ ध्यानात ठेवा बशीरभाई.

शालिकले तुमच्या दुकानात मामाच घेऊन आलता. तुमी त्याले पाहिलं नाही. तो पानठेल्याच्या आडून उभा होता. शालिकनंच सांगतलं होतं, ‘मामा, तुमी इथंच थांबा. मी एकटा जातो.’ उकंडा म्हणे, ‘हो, जाय तू.’ त्याच्या मनात काही आलं नाही. आलं असन त त्यानं दाखवलं नाही.

३

तुमीच शालिकले म्हणले होते ना, का बेटा, बागेच्या पडद्यासमोर लोकं बसवून फोटो त कोणीबी काढीन, तू तुहा एक फोटो आण, आपण नागपूरच्या प्रदर्शनात पाठवू. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच. मामाच्या पडद्यात जसं गाव अंदरून पेटते, तसं खरं रान पेटलेलं फोटोच्या काचेवर आणाचं.

कार्तिकात तो गावी आला. तिपाई, तुमचा पेटीचा कॅमेरा, तुमची गॅसबत्ती. गावामांगच्या बरडावर पळसाचे झाडं हाये, तिथं मामाले घेऊन गेला. समजावून सांगतलं. दिवस बुडाले आला का कॅमेऱ्याचं झाकण काढून ठेवाचं. मंग मामानं बत्ती घेऊन झाडाईच्या मांगून चालाचं. कॅमेऱ्याच्या बाजूनं डब्याचा पत्रा धराचा, म्हणजे बत्ती दिसणार नाही, निस्ता पानाईतून येणारा उजेड दिसीन. चालत्या माणसाले काच धरत नाही. थांबलेल्याले धरते.

“म्हणजे मी फोटोत येणार नाही?” उकंड्यानं विचारलं.

“तुमचा उजेड येईन मामा. तुमी नाही.”

उकंडा हसला. “मंग काय नवीन हाये? पडद्यात तरी मी कोठं असतो. मांगंच असतो कंदिलापासी.”

“पण थांबाचं नाही. मी ‘मामा, थांबा’ म्हणीन तवाच थांबा. तवरी चालत राहा.”

“तू म्हणशीन तवाच,” उकंडा म्हणाला, अन् बत्तीले पंप मारला.

शालिक मले सांगे, तसं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पळसाचे हाताएवढे पानं एकेक करून पेटत होते, अन् इझत होते. पानाच्या शिरा दिसत होत्या, लहान पोराच्या कानाच्या दिसते तशा. मामा दिसत नव्हता. बत्तीचा सूंऽऽ आवाज अन् पत्र्याचा खडखड, एवढंच. शालिकच्या डोळ्याले पाणी आलं म्हणे. त्याले वाटलं, आता थांबवावं, आता मामाले जवळ घ्यावं.

तेवढ्यात मांगून जीप आली.

हिरासिंग अन् त्याचे दोस्त. सशाच्या शिकारीवरून परत येत होते. हिरासिंग तुमच्या दुकानात रोज बसते, त्याले शालिक म्हणजे मास्तराचा भाचा.

“काय बे फोटोमास्तर, इथं कायले आला? अन् तिकडं बत्ती घेऊन कोण फिरून राह्यलं?”

शालिक म्हणाला, “कोणी नाही.”

“कोणी नाही कसं? बत्ती आपोआप चालते का? पाह्य रे, याच्यापासी भूत हाये नोकरीले.”

समदे हसले. शालिकबी हसला. म्हणाला, “हमाल हाये, गावातला.”

“चाल मंग, झालं असन त सोडतो तुले घाटंजीले. अंधार पडून राह्यला.”

झालं होतं. काच झाली होती. आता फक्त दोन शब्द म्हणाचे होते. शालिक सांगे, ते शब्द जिभेवर आलते. ‘थांबा’ निघालाबी असता. पण त्याच्या आंधी ‘मामा’ होता, अन् जीपमधी चौघं बसले होते. त्यानं तोंड उघडलं अन् तसंच मिटलं. झाकण लावलं, तिपाई मुडपली, जीपमधी जाऊन बसला. मनात म्हणे, आवाज नाही आला का म्हाताऱ्याले कळीन. जेवाच्या वेळेले जाईन घरी.

वळणावर त्यानं मांगं पाहिलं. पळसाचं एक झाड पेटलं. मंग त्याच्या बाजूचं.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं तुमच्या अंधाऱ्या खोलीत काच धुतली. बत्ती कोठं म्हटलं त तुमाले सांगतलं, हमाल घेऊन पळाला. फोटो कसा झाला ते तुमी पाहिलं. तुमीच त्याले गल्ल्यामांगं काचेत टांगला अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवला. मीबी पाहिला. रान पेटलेलं हाये अन् जळत नाही. माणूस त्यात कोठंच नाही. नसालेच पाहिजे होता.

पण त्याच दिवसापासून तुमच्या काचा खराब व्हाले लागल्या. आठवते ना? लग्नाच्या वऱ्हाडाची काच काळी निघाली. ठाणेदाराच्या घरच्याईची काळी निघाली. तुमी शालिकले बोलले, ‘बेटा, अंदर रोशनी कहां से आ रही है? दरवाजा देख.’ त्यानं दार पाहिलं. फटीत चिंध्या कोंबल्या. कौलाले खालून डांबर लावलं. खिळ्याच्या छेदात मेण भरलं. तरी काचा काळ्याच.

एका दुपारी तो अंदर एकटा होता. लाल काचेचा कंदील बारीक केलता. बाहेर तुमी कोणाशी तरी भाव करून राह्यले होते, ते ऐकू येत होतं. मंग ते ऐकू येनं बंद झालं. त्याच्या जागी सूंऽऽ असा आवाज आला.

त्याले वाटलं, कानात पाणी गेलं. मान हालवली. मंग वाटलं, शेजारच्या चहावाल्याचा ष्टो असन. चहावाल्याचं दुकान दुपारी बंद असते, हे त्याले मंग आठवलं.

भिंतीले फळी हाये ना तुमची, औषधाच्या शिश्याईची? त्यातली डावीकडची पयली शिशी उजळली. भुऱ्या काचेची शिशी, अंदरचं पाणी दिसलं, बुडाशी बसलेला गाळ दिसला. मंग ते इझली अन् दुसरी उजळली. मंग तिसरी. जसं कोणी फळीच्या मांगून बत्ती घेऊन चालून राह्यलं. हळू, न थांबता. शेवटच्या शिशीपाशी गेलं, वळलं, अन् परत इकडं याले लागलं.

फळीच्या मांगं भिंत हाये. भिंतीच्या मांगं गोठा हाये.

शालिकनं भिंतीले हात लावला. गार होती. हाताच्या बोटाईतून त्याले लाल उजेड दिसला, जसा पोरं टॉर्चवर हात ठेवून पाहते तसा. तेवढ्यात मधीच आवाज बारीक झाला. खस, खस, खस. पंप मारल्याचा आवाज. अन् पुना सूंऽऽ.

तो बाहेर आला तवा तुमी त्याले विचारलं, ‘क्या हुआ?’ त्यानं सांगतलं, काही नाही, घाम आला. मले म्हणे, ‘बळीरामभाऊ, त्याईले काय सांगू? मास्तराचा भाचा भुताले भेते म्हणून सांगू?’ तवा मी त्याले म्हटलं, लेका, भूत कोणाले म्हणून राह्यला तू? तवा त्यानं खाली मान घातली. ते मान अजून वर आली नाही.

५

आता आमच्या गावचं ऐका.

पंचफुलानं त्या संध्याकाळी उंबऱ्यातून बत्ती पाहिली. तिले वाटलं, मामा-भाच्याचं काम चालू हाये. भाकर झाकून ठेवली. सकाळी भाकर तशीच. दोघंबी नाही. शालिक गेला असन घाटंजीले, मामाले घेऊन गेला असन, अशी तिनं मनाची समजूत घातली. खुश झाली, खरं सांगतो. म्हणे, ‘नेलं असन त्यानं त्याईले आपलं दुकान दाखवाले. किती दिवसाचं मनात होतं त्याईच्या.’

दिवेलागणीले बरडावर पुना बत्ती चालत होती. अन् मंग रोजच.

मी दिवसा जाऊन पाहिलं. पळसाईच्या भोवती गवत दबून वाट पडली होती, तेलाच्या घाण्याभोवती बैलाची पडते तशी. वाटेत टायरच्या चपलेचे ठसे, एकावर एक, एकावर एक. माणूस नाही. बत्ती नाही. संध्याकाळी पुना गेलो, मधोमध उभा राह्यलो, अन् मोठ्यानं हाका मारल्या, ‘भाऊजी, ओ भाऊजी, चाला घरी.’ उजेड आला. माह्या समोरच्या झाडामांगून गेला. मी धावत झाडाच्या पलीकडं गेलो त उजेड अलीकडं. मी जिकडं जाओ तिकडून तो झाडाच्या मांगंच. माही हाक त्याले लागतच नव्हती. त्याले दुसऱ्याची हाक पाहिजे होती.

मंग मी तुमच्याकडं आलो, पोट्ट्याची कॉलर धरून त्याले पायरीवर बसवलं. तवा त्यानं हे समदं सांगतलं अन् माहे पाय धरले. ‘चालतो मी. तुमी म्हणसान ते करतो. पण बशीरभाईले सांगू नका तो माहा मामा हाये म्हणून.’ तरीबी हेच. मले असा राग आला का वाटलं तिथंच द्यावी एक. पण डोळे पाहिले त्याचे. हात मांगं घेतला. तुमाले म्हटलं, हमाल सापडत नाही, याले घेऊन जातो. तुमी भले माणूस, म्हणले, एसटी गेली आता, हिरासिंग सोडून देईन जीपनं.

तिथंच बिघडलं.

६

बरडावर पोचलो तवा दिवस बुडून आभाळ तांबडं होतं. गावात धूर निघत होता. हिरासिंग जीपले टेकून सिगरेट ओढून राह्यला. “तुहा हमाल अजून भेटला नाही का बे? बत्ती विकून जत्रेले गेला असन.”

शालिक पुढं गेला. पायाखालची वाट त्याले दिसली. किती तरी दिवसाची चाल होती ती. चपलेची टाच कोठं घासते, ते त्याले लहानपणापासून माहीत होतं. उजव्या पायाची, अंदरच्या बाजूनं. तेच ठसे.

पळस पेटला.

शालिकचं तोंड मले त्या उजेडात दिसलं, त्यात भेव नव्हतं. त्याले आंधी वाटलं असन, किती चांगला उजेड हाये. मंग त्याले त्या वाटण्याची लाज वाटली असन.

बत्ती पयल्यासारखी पांढरी नव्हती राह्यली. पिवळी पडली होती. सूं आवाजात घरघर होती, म्हाताऱ्याच्या छातीत असते तशी. उजेड एका झाडामांगून दुसऱ्यामांगं गेला. शालिकनं तोंड उघडलं. मी त्याच्या बाजूले उभा होतो. ‘मा’ म्हणाले ओठ मिटले, ते मले दिसलं. मांगं हिरासिंग खोकलला. निस्ता खोकलला, बाकी काही नाही.

अन् शालिक वरडला, “ए, थांब बे.”

बशीरभाई, माणूस कुत्र्याले म्हणते तसं.

उजेड थांबला नाही. पण त्यानं वाट सोडली. पयल्यांदा सोडली. गवतातून सरळ आमच्याकडं आला. पत्र्याचा खडखड, चपलेची फरफर. हिरासिंगनं सिगरेट टाकली. मी बाजूले झालो, खोटं कायले सांगू. शालिक जागचा हालला नाही.

उकंडा शेवटच्या पळसाच्या या बाजूले आला तवा मी जे पाहिलं तेवढंच सांगतो. पत्रा आमच्याकडं धरलेला होता, शिकवलं होतं तसाच. काळा चौकोन, अन् त्याच्या चारी कडेनं उजेड. वरच्या कडेवर चार बोटं होती, अंदरून धरलेली. नखात काजळी. पत्र्याच्या वर जिथं तोंड असाले पाहिजे, तिथं मांगच्या पळसाचं पान दिसत होतं. अन् मी बोटाईकडं पुना पाहिलं त बोटातूनबी पानाच्या शिरा दिसत होत्या.

तो उभा नव्हता. बोलतानाबी पाय उचलून ठेवत होता, जागच्या जागी. सांगतलं होतं ना, थांबाचं नाही.

“झालं का, बाबू?”

आवाजात राग नव्हता. राग असता त बरं झालं असतं. दमलेला होता, अन् हसरा होता.

शालिकनं मान फिरवून हिरासिंगकडं पाहिलं. त्या टायमाले, त्या माणसासमोर, त्यानं हिरासिंगकडं पाहिलं.

पत्र्यामांगून आवाज आला, “बरं. चालतो मंग.”

अन् उजेड वळला. गवतातून परत गेला, अन् आपल्या वाटेले लागला. पयलं झाड पेटलं. मंग दुसरं. आवाज बारीक झाला तवा पंप मारला. खस, खस, खस.

हिरासिंगनं जीप चालू केली होती. शालिक धावत जाऊन बसला. मले मांगंच सोडलं त्याईनं. मी पायी गावात आलो. पंचफुला उंबऱ्यात होती. तिनं विचारलं, “हाक मारली का त्यानं?”

मी म्हटलं, “मारली.”

“काय म्हणून मारली?”

बरडावरचं ओरडणं गावापरेंत येते. तिनं ऐकलंच होतं.

७

आता तुमी म्हणता पोरगं आजारी हाये. अंधाऱ्या खोलीतून बाहेर येत नाही, कंदील लावू देत नाही, शिश्या उतरवून ठेवल्या, भिंतीकडं तोंड करून बसते. असन. मले त्याची कीव येते, अन् त्याच्या तोंडात हाणावं असंबी वाटते, दोन्ही एकाच टायमाले.

तुमी त्याले दवाखान्यात नेता म्हणता, यवतमाळले. पूनमसिंग म्हणे, बशीरभाईनं त्याले झाकून ठेवलं, लोकं बोलतीन म्हणून. नागपूरहून फोटो निवडल्याचा निरोप आला म्हणे, त्याच्याखाली नाव लिहाचं हाये. एकट्या शालिकचं.

पंचफुलानं काल तो पडदा काढला. गावाचा. दार लावलं, मांगं कंदील ठेवला. मी संगच होतो. समदे घरं चमकले, तिचं पण. पडद्यात बरड वरच्या कोपऱ्यात हाये, निस्ती काजळी. तिथं घर नाही, म्हून उकंड्यानं तिथं काटा कधी टोचलाच नाही. मी बोटानं चाचपून पाहिलं, छेद नाही. तरी तिथं एक उजेड होता. पिवळा. अन् हालत होता.

पंचफुला तिकडं पाहत म्हणाली, “दादा, परवा याच्यापेक्षा मोठा होता.”

खरं हाये ते. बरडावरबी तसंच. आंधी आमाले विहिरीपासून दिसे, आता पळसाईच्या बुडाशी जाऊन पाहावं लागते. पंपाचा आवाज आता पयल्यापेक्षा लौकर लौकर येते. एक दिवस पंप मारूनबी काही होणार नाही. मंग तिथं कोणी राहणार नाही. तुमच्या पोट्ट्यानं म्हटलं तसं, कोणी नाही.

दवाखाना मंग पाहा. त्याले घेऊन या. तुमी स्वतः संगं या, अन् त्या हिरासिंगलेबी आणा, तो नसन त उपयोग नाही. पंचफुला राहीन, मी राहीन, गाव राहीन. समद्याईसमोर उभा करा त्याले, अन् मोठ्यानं म्हणू द्या, मामा, थांबा. ‘बे’ नाही. ‘ए’ नाही. मामा.

उद्याच. दिवस बुडाच्या आंधी घेऊन या त्याले.